लाटणं कोणाच्या हातात, हिशेब कोणाच्या हातात?

उन्हाळा लागला की आपल्याकडे गावोगावच्या गच्च्यांवर आणि अंगणात जुन्या साड्या अंथरल्या जातात. पापड, कुरडया, सांडगे, बटाट्याचा कीस! शेजारपाजारच्या चार जणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. हात चालतात तशा गप्पाही चालतात. या कामाला आपण कधी 'काम' म्हटलं नाही, मग मजुरीची गोष्ट तर दूरच. पण याच लाटण्यावर मुंबईतल्या सात बायकांनी एक असा व्यवसाय उभा केला की मोठमोठ्या मॅनेजमेंटच्या कॉलेजांत त्याचा अभ्यास होतो. आणि गंमत म्हणजे 'कष्टकऱ्याला न्याय मिळेल अशी बाजारपेठ असू शकते का?' या प्रश्नावर पंडितांनी जाडजाड ग्रंथ लिहिले, त्याच प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर त्या सात जणींनी गच्चीवर बसून दिलं.

भांडवलशाही, समाजवाद हे शब्द दिसले की आपण पान उलटतो. हे पुरुषांचं, पुढाऱ्यांचं, भाषणातलं काहीतरी, असं वाटतं. पण मैत्रिणींनो, या शब्दांचा आपल्या स्वयंपाकघराशी, बचत गटाशी, हातातल्या चार पैशांशी अगदी थेट संबंध आहे. म्हणून आज जरा बैठक मारून हा विषय बघू या.

ऐंशी रुपये आणि सात जणी

१५ मार्च १९५९. मुंबईत गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्याच एक. शिक्षण बेताचं, घर सोडून नोकरीला जाण्याची सोय नाही, पण संसाराला हातभार तर लावायचा आहे. जमणारी गोष्ट एकच, स्वयंपाक. छगनलाल करमसी पारेख म्हणजे छगनबाप्पा या सामाजिक कार्यकर्त्याकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले. त्यात पीठ-मसाला आणि गरजेचं सामान आणलं. पहिल्या दिवशी चार पाकिटं पापड तयार झाले आणि भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने ते विकायला घेतले.

सुरुवातीलाच त्यांनी एक गोष्ट पक्की केली. तोटा झाला तरी कोणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही. हा धंदा आहे, धर्मादाय नाही. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद पडलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा! अडचणीतून अशी वाट बायकांनाच सुचते, नाही का? पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती. बायका वाढत गेल्या, गच्ची पुरेना, तेव्हा मळलेलं पीठ घरी न्यायचं आणि लाटलेले पापड परत आणून द्यायचे अशी पद्धत पडली. १९६२ मध्ये 'लिज्जत' हे नाव ठरलं. १९६६ मध्ये संस्थेची नोंदणी झाली, त्याच वर्षी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मान्यताही मिळाली. आज देशभर ऐंशीहून जास्त शाखा, सुमारे ४५ हजार बायका आणि वर्षाची उलाढाल दीड हजार कोटी रुपयांच्या वर. २०२१ मध्ये जसवंतीबेनना पद्मश्री जाहीर झाली.

ही यशोगाथा तुम्ही याआधीही वाचली असेल. 'जिद्दीने उभ्या राहिलेल्या बायका' असं म्हणून आपण टाळ्या वाजवतो आणि पुढे जातो. पण जिद्द तर घरोघरी आहे! पहाटे चारला उठून डबे करणारी, रात्री दोनपर्यंत मशीनवर ब्लाऊज शिवणारी बाई काय कमी जिद्दीची असते? मग तिची लिज्जत का होत नाही? फरक जिद्दीत नाही, मालकीत आहे. लिज्जतमध्ये पापड लाटणारी बाई नोकर नाही, ती संस्थेची सभासद आहे. सगळ्या एकमेकींना 'बहन' म्हणतात. नफा झाला तर सगळ्यांचा, तोटा झाला तर तोही सगळ्यांचा. शाखेचा कारभार संचालिका बघते, वरती एकवीस जणींची कार्यकारिणी असते, आणि या सगळ्या जणी सभासदांतूनच आलेल्या. पुरुषांना सभासद होता येत नाही. हिशेबनीस, ड्रायव्हर, दुकानातला मदतनीस म्हणून पुरुष तिथे आहेत, पण ते पगारी. म्हणजे मुनीमजी नोकर आणि लाटणं हातात असलेली बाई मालकीण! आपल्याकडचं चित्र नेमकं उलटं नसतं का?

मजुरी वेगळी, मालकी वेगळी

हा फरक एका साध्या हिशेबाने बघू. आकडे मी समजण्यापुरतेच घेतले आहेत. समजा, एका गावात दहा बायका एका व्यापाऱ्याकडून पीठ आणून पापड लाटतात. किलोमागे कच्चा माल १२० रुपयांचा, लाटण्याची मजुरी ५० रुपये, पाकीट-वाहतूक ३० रुपये. एकूण खर्च २००. माल विकला गेला २६० रुपयांना. उरले ६०. हे ६० रुपये कोणाचे?

'व्यापाऱ्याचे' असं आपण चटकन म्हणतो. पैसा त्याचा, माल त्याचा, दुकानदारांच्या ओळखी त्याच्या आणि माल खपला नाही तर बुडणारही तोच. यात खोटं काहीच नाही. भांडवलशाही म्हणजे थोडक्यात हेच. ज्याने पैसा घातला त्याचा धंदा, त्याचाच नफा आणि त्याचाच निर्णय. लाटणाऱ्या बाईला तिची ठरलेली मजुरी मिळाली की व्यवहार संपला.

आता व्यापारी भला माणूस असेल तर दिवाळीला साडी देईल, अडीअडचणीला उचल देईल. पण उद्या त्याला वाटलं की दुसऱ्या गावात ४० रुपयांत लाटणाऱ्या मिळतात, किंवा पापडाचं मशीन आणणं स्वस्त पडतं, तर? या दहा जणींना कोणी विचारायलाही येणार नाही. दहा वर्षं त्यांनी लाटलेल्या पापडांमुळे त्या व्यापाऱ्याच्या पाकिटाचं नाव झालं, पण त्या नावात त्यांचा वाटा शून्य!

याच दहा जणींचा धंदा स्वतःचा असेल तर ते ६० रुपये कुठे जातील ते त्या बसून ठरवतील. थोडे वाटून घेऊ, थोडे पावसाळ्यासाठी ठेवू, थोड्यात गिरणी घेऊ. मशीन आणायचं की नाही हेही त्याच ठरवतील. लिज्जतचे पापड आजही हाताने लाटले जातात. मशीन मिळत नाही म्हणून नव्हे. लाटणारीच मालकीण असेल तर ती स्वतःच्या हातचं काम सहजासहजी कशी काढून टाकेल?

अर्थात मालकी म्हणजे नुसतं सुख नव्हे. पीठ खराब निघालं, उडीद महागला, माल परत आला तर झळही आपल्यालाच. मजुरी करणारी बाई निदान रात्री निवांत झोपते, मालकिणीला झोप लागत नाही. हे ज्यांना कळलं त्यांनीच या वाटेला जावं.

मत पाच वर्षांनी एकदाच का?

आता 'लोकशाही समाजवाद' या दुसऱ्या जड शब्दाकडे येऊ. आपल्या मातीत हा विचार नवा नाही. स्वातंत्र्यलढ्यात नाशिकच्या तुरुंगात डांबलेल्या तरुणांच्या चर्चांमधून १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष जन्माला आला. नानासाहेब गोरे, एस. एम. जोशी, साने गुरुजी ही याच परंपरेतली माणसं. या मंडळींचं म्हणणं सरळ होतं. श्रीमंत-गरीब ही दरी कमी झाली पाहिजे, पण ती बंदुकीने किंवा एका पक्षाच्या हुकूमशाहीने नव्हे, लोकांच्या मतांनी आणि संघटनेने. भाकरीही हवी आणि बोलण्याचं स्वातंत्र्यही हवं.

बायकांनी या विचाराला रस्त्यावर आणलं ते लाटण्यानेच! १९७२ च्या सुमारास महागाईने कळस गाठला, तेल-साखर-रॉकेल मिळेना, तेव्हा मुंबईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते यांनी हजारो बायकांना घराबाहेर काढलं. पक्ष वेगवेगळे, पण प्रश्न एक. हातात लाटणी घेतलेला तो मोर्चा 'लाटणे मोर्चा' म्हणूनच लोकांच्या लक्षात राहिला. ज्या वस्तूने आपण घरात राबतो तीच वस्तू सरकारपुढे उगारली तर काय होतं, ते त्या वेळी सगळ्यांनी पाहिलं.

पण एक गंमत बघा. सरकार निवडायला आपल्याला एक मत आहे. कलेक्टरीणबाईंनाही एकच आणि त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींनाही एकच. मात्र आयुष्याचे सगळ्यात जास्त तास आपण जिथे राबतो तिथे हे मत नसतं. कामाची वेळ, दर, सुट्टी, कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं हे सगळं वरून ठरतं. लोकशाही कारखान्याच्या फाटकापाशी येऊन थांबते. कामगारांच्या सहकारी संस्थेचा विचार तिला फाटकाच्या आत नेतो. तिथे शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच.

उसाच्या फडातली बाई

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, 'मग प्रश्न काय आहे? आपला महाराष्ट्र तर सहकाराची पंढरीच!' खरं आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचं गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झालं. सावकाराने आणि खासगी कारखानदाराने नाडलेला शेतकरी स्वतः कारखान्याचा मालक झाला. ही साधी गोष्ट नव्हती. त्यातून शाळा आल्या, कॉलेजं आली, दवाखाने आले. आपल्यापैकी कितीतरी जणी त्याच कॉलेजांत शिकल्या.

पण आता फाटकातून आत न जाता उसाच्या फडात जाऊ. तिथे ऊस कोण तोडतं? बीड आणि आजूबाजूच्या दुष्काळी भागातून दिवाळीच्या आगेमागे निघालेली जोडपी. मुकादमाकडून उचल घेतलेली. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. दोन माणसं, चार हात, पण हिशेबात एक कोयता! उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावाने असते, पैसे त्याच्या हातात येतात. बाई पहाटे अंधारात भाकऱ्या करते, फडावर मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, लेकरू बांधावर झोपवते. खाडा झाला तर दंड कापला जातो. पाळी, बाळंतपण, आजारपण कशालाच सुट्टी नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजार ८०० हून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. आकडा वाचून पोटात गोळा येतो.

ही बाई ज्या कारखान्यासाठी राबते त्यातले कितीतरी 'सहकारी' आहेत. फाटकावर तशी पाटी आहे. पण ती सभासद नाही, आणि तिचा नवराही नाही. सभासद आहे तो ऊस पिकवणारा, म्हणजे ज्याच्याकडे जमीन आहे तो. आणि बागायतदाराच्या घरातली बाई? तिचं नाव सातबाऱ्यावर नसेल तर ऊस उत्पादक म्हणून तीही सभासद नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढून शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करून द्यायला लावली ती याचसाठी. नाव कागदावर आल्याशिवाय मत येत नाही आणि मत आल्याशिवाय कोणी विचारत नाही.

म्हणजे बघा, दोन्ही ठिकाणी शब्द 'आपल्या सगळ्यांचा'. पण लिज्जतमध्ये सभासद व्हायला जमीन लागत नाही, डिग्री लागत नाही, गाठीला पैसा लागत नाही. हात लागतात, घरात स्वच्छता लागते आणि संस्थेचे नियम पाळण्याची तयारी लागते. जी राबते ती आत. साखर कारखान्यात जो जमीन धरून आहे तो आत आणि जी राबते ती बाहेर. सहकाराची खरी परीक्षा इथे आहे. पाटीवर काय लिहिलंय ते वाचू नये, सभासदांच्या यादीत कोणाचं नाव आहे ते वाचावं.

स्पेनमधले पाच मित्र

हा अनुभव फक्त आपलाच आहे असं नाही. स्पेन देशाच्या बास्क भागात मोंद्रागोन नावाचं गाव आहे. यादवी युद्धाने होरपळलेलं, बेकारीने गांजलेलं. होसे मारिया आरिस्मेंदिआरिएता नावाचे एक तरुण धर्मगुरू १९४१ मध्ये तिथे आले. त्यांनी प्रवचनं कमी आणि काम जास्त केलं. १९४३ मध्ये मुलांसाठी तंत्रशाळा काढली. तिथे शिकलेल्या पाच तरुणांनी १९५६ मध्ये स्वतःचा छोटा कारखाना सुरू केला. त्यात बनायचे रॉकेलचे स्टोव्ह! १९५९ मध्ये त्यांनी स्वतःची बँक काढली, म्हणजे लिज्जतच्या सात जणी गच्चीवर बसल्या त्याच वर्षी. आज तिथे अनेक सहकारी संस्थांचा मोठा समूह आहे आणि सुमारे ७० हजार माणसं त्यात काम करतात.

त्यांचा एक नियम मला फार आवडतो. सगळ्यात वरच्या अधिकाऱ्याचा पगार सगळ्यात खालच्या कामगाराच्या ठरावीक पटीतच असला पाहिजे. बहुतेक संस्थांत ही मर्यादा सहा पटींच्या आसपास आहे. मोठ्या खासगी कंपन्यांत हा फरक शेकड्यांत जातो. साहेबाला पगारवाढ हवी तर आधी झाडूवाल्याची वाढली पाहिजे, असा साधा न्याय! बँकेचाही उपयोग मोठा झाला. नवी संस्था उभी करायला पैसा आणि सल्ला दोन्ही घरातूनच मिळालं.

पण तिथेही सगळं गोडगोड नाही. त्यांची फागोर ही घरगुती यंत्रं बनवणारी जुनी संस्था, त्या स्टोव्हच्या कारखान्याचाच पुढे वाढलेला वृक्ष, २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. बाजारातली मंदी आणि परदेशी स्पर्धा मालक-कामगार बघत नाही. एवढंच की बऱ्याच सभासदांना समूहातल्या दुसऱ्या संस्थांनी सामावून घेतलं. आणि दुसरी गोष्ट आपल्या फडातल्या बाईची आठवण करून देणारी. या समूहाने परदेशांत कारखाने काढले, तिथले कामगार मात्र सामान्यतः सभासद नाहीत. ते पगारी. म्हणजे मालक झालेला कामगार दुसऱ्या कामगाराचा मालक होऊन बसतो. सासुरवास सोसलेली सून पुढे सासू होते तेव्हा काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

आपल्या देशातलंही एक उदाहरण बघा. केरळमधल्या कन्नूरला विडी कामगारांसाठीचा नवा कायदा पाळायला नको म्हणून मालकांनी काम बंद केलं आणि हजारो कामगार उघड्यावर पडले. तेव्हा सरकारच्या मदतीने १९६९ मध्ये 'दिनेश बीडी' ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. सुट्ट्या, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, विडी कामगारांना स्वप्नवत वाटाव्यात अशा गोष्टी तिने दिल्या. पुढे लोकांचं विडी ओढणं कमी झालं तशी तीही अडचणीत आली आणि मग छत्र्या, खाद्यपदार्थ अशा दुसऱ्या उद्योगांकडे वळली. चांगला मालक असला म्हणून वाईट माल कायम खपत नाही, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

मग न्याय मिळेल तरी कसा?

माझं मत विचाराल तर न्याय आपोआप येत नाही. बाजाराला दया-माया नसते, त्याला फक्त भाव कळतो. त्याला लगाम घालायला तीन दोर लागतात, आणि तिन्ही एकदम.

पहिला दोर कायद्याचा. १९४८ मध्ये किमान वेतनाचा कायदा आला, तो पुढे २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला. मजुरी यापेक्षा खाली जाता कामा नये, अशी रेघ कायदा मारतो. ती रेघ नसेल तर प्रामाणिक माणूसही स्पर्धेत टिकणार नाही, कारण शेजारचा अर्ध्या मजुरीत माल काढेल.

दुसरा दोर संघटनेचा. एकटी बाई दर वाढवून मागते तेव्हा तिला घरी पाठवतात, पाचशे जणी मागतात तेव्हा खुर्ची देतात. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायका १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत एकत्र आल्या. आधी ओळखपत्र मिळवलं, मग मान मिळवला. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून त्या हक्काने दारोदारचा कचरा गोळा करू लागल्या. काल ज्यांना कुत्रं अंगावर सोडून हाकलायचे त्या आज दारावर येऊन महिन्याचं शुल्क मागतात. पण करार नवा करायची वेळ आली की त्यांनाही पुन्हा झगडावं लागलं आहे. संघटना नसती तर संस्था टिकली नसती.

आणि तिसरा दोर मालकीचा, म्हणजे सहकाराचा. कायदा सांगतो 'कमीत कमी एवढं दे', संघटना सांगते 'जास्त दे', आणि सहकार विचारतो, 'देणारा तू कोण? हे आपलं सगळ्यांचं आहे ना?'

यातला एकच दोर धरला तर काय होतं ते आपण पाहिलं. कायदा कागदावर राहतो आणि फडातली बाई गर्भपिशवी गमावते. नुसता सहकार असेल तर बाजाराच्या एका लाटेत तो वाहून जातो किंवा चार घराण्यांच्या हाती जातो. आपल्या राज्यात कितीतरी सहकारी कारखाने आजारी पडले आणि खासगी हातात गेले. सभासद शेतकरी बघत राहिला, कारण वर्षानुवर्षं त्याने वार्षिक सभेत जेवणाच्या पंगतीपलीकडे काही बघितलंच नव्हतं!

आपल्या गटाला विचारायचे चार प्रश्न

आता आपल्या अंगणात येऊ. आज बचत गट नाही असं गाव सापडणार नाही. गटांच्या कामानिमित्त बायकांशी बोलणं होतं तेव्हा जाणवतं की गटाने कर्ज किती घेतलं, किती फेडलं हे सगळ्या जणी तोंडपाठ सांगतात. पण गटाने सुरू केलेल्या धंद्यात 'आपण कोण?' असं विचारलं की एकमेकींकडे बघतात. म्हणून पुढच्या मीटिंगला हे चार प्रश्न जरूर विचारा.

एक, काम करते ती सभासद आहे का? गटाने मसाला कांडायला, डबे पोचवायला बाहेरची बाई रोजाने लावली असेल तर तिला काही काळाने आत घेणार का? की आपण तिच्या 'व्यापारी' झालो? आपली बाई रोजावर आणि आपण मालकीण, हे चित्र फडातल्या चित्रापेक्षा फार वेगळं नाही.

दोन, वही कोण लिहितं आणि ती कोण वाचू शकतं? बऱ्याच गटांत हिशेब अध्यक्षबाईंचे मिस्टर किंवा गावातला एखादा हुशार भाऊ लिहितो. वही त्याच्याकडे, शिक्का त्याच्याकडे, सही मात्र आपली. साताऱ्याच्या म्हसवडला चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी बँक काढायचा प्रस्ताव दिला तेव्हा अर्जदारांतल्या बऱ्याच जणी निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. त्या रडत बसल्या नाहीत. लिहा-वाचायला शिकायला लागल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायची तयारी दाखवली. १९९७ मध्ये 'माणदेशी' महिला सहकारी बँक सुरू झाली. वही आली की बँक येते!

तीन, नफ्याचं काय करायचं ते कोण ठरवतं? सगळा वाटून टाकला तर पुढच्या पावसाळ्यात खाट आणि स्टोव्ह कुठून आणणार? सगळा ठेवून दिला तर आजच्या गरजेचं काय? उत्तर काहीही असो, ते दोघी-तिघींनी परस्पर ठरवू नये. सगळ्यांनी ठरवावं आणि वहीत लिहावं.

चार, खुर्ची फिरते का? तीच अध्यक्ष, तीच सचिव दहा-दहा वर्षं असेल तर ती कितीही चांगली असो, बाकीच्या जणी 'ताईंना विचारा' एवढंच म्हणायला शिकतात. ताई उद्या लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या की गट बंद!

आणि एक प्रश्न लिज्जतसारख्या संस्थांनाही विचारायला हवा. घरबसल्या काम ही मोठी सोय खरी, पण त्यामुळे घरचं काम कमी होत नाही. मुलांचे डबे, सासऱ्यांचा चहा, पाहुणे आणि वर रोजचं लाटणं! बाई मालकीण झाली तरी तिच्या पाठदुखीची, मानदुखीची, म्हातारपणाची सोय कोणी लावायची? मालकीण म्हणून नफ्यातला वाटा आणि कष्टकरी म्हणून औषधपाणी-पेन्शन, दोन्ही तिला मिळायला हवं. एकाच्या नावाखाली दुसरं बुडता कामा नये.

या चार प्रश्नांना पुस्तकी ज्ञान लागत नाही. एक वही, एक पेन आणि थोडा धीटपणा पुरतो. सुरुवातीला कुरबुर होईल. 'एवढा विश्वास नाही का आमच्यावर?' असं कोणीतरी डोळ्यांत पाणी आणून म्हणेलही. तिला शांतपणे सांगायचं, 'ताई, विश्वास आहे म्हणून तर एकत्र आलो. पण विश्वास मनात ठेवायचा आणि हिशेब वहीत.' पुढच्या महिन्याच्या मीटिंगला चहा-पोहे झाले की वही मधोमध उघडून ठेवा आणि जी कधीच बोलत नाही तिला पहिलं पान मोठ्याने वाचायला सांगा.